भवानी

माझ्या पदाचं नाव इतकं लांब आहे
की पगारपत्रकावर ते दोन ओळींत मोडतं.
काम एवढंच:
ग्रिम्झबीच्या बाजारपेठेतल्या
एकोणतीस बंद गाळ्यांच्या किल्ल्या सांभाळणं.

त्रेचाळीस नंबरची सगळ्यांत जड.
दारामागे अकरा वर्षांचं टपाल,
ढकललं की आधी कुरकुरतं, मग वाट देतं.
इथे बूट मिळायचे.
आरसा अजून आहे, गुडघ्याएवढा,
त्यात माझे फक्त पाय दिसतात,
जणू बाकीची मी अजून यायची आहे.

मालक म्हणजे जर्सी बेटावरची एक कंपनी.
तिला भाडं नको होतं,
भाडं मिळू शकतं एवढा आकडा कागदावर हवा होता.
आम्ही पत्रं पाठवायचो. पोच यायची.

मग ठराव झाला:
रिकामी काच बरी दिसत नाही, तिच्यावर चित्र लावा.
आमच्या वाट्याला बेकरी आली.
मी आणि केल्विन, रबरी पट्टीने बुडबुडे पळवत
चिकटवले पाव, बन,
पांढऱ्या टोपीतला एक हसरा माणूस.
पलीकडच्या फुटपाथवरून अगदी खरं वाटायचं.

डोरीन ॲपलगार्थ काठी आपटत यायची,
"कधी उघडताय?"
तिसऱ्या खेपेला मी समजावायला लागले,
आजी, हे नुसतं चित्र...
"चित्राला कोण विचारतंय?
मी तुला विचारतेय."

इस्लामपुरात माझे चुलते
स्टोव्हच्या पिना आणि वायसर विकायचे.
सकाळचं पहिलं गिऱ्हाईक ते रिकाम्या हाताने जाऊ देत नसत.
तोटा खातील, पण भवानी होऊ देतील.
हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.
तिथे आम्ही 'पादचारीसंख्या' म्हणतो.

ट्रेव्हर ब्लँचर्ड एका मंगळवारी आला.
डाव्या हाताला साडेचार बोटं,
चाळीस वर्षं गोदीवर हॅडॉकचे काटे काढलेले.
म्हणाला, माशांचं दुकान टाकायचंय.
मी म्हटलं, दोन आहेत की.
"जिवंत माशांचं."
अर्जात 'अनुभव' या रकान्यात त्याने लिहिलं:
मासे. पण उलट्या बाजूने.

कंपनीने सहा महिने फुकट दिले,
दया म्हणून नव्हे,
रिकामेपणावरचा कर वाचतो म्हणून.

केल्विनने गरम हवेचं यंत्र लावलं.
टोपीवाला तुकड्यातुकड्यांनी निघाला,
आधी टोपी, हसू सगळ्यांत शेवटी.
खालच्या कोपऱ्यातला एक बन मात्र हटेना.
ट्रेव्हर म्हणाला, राहू दे, कुणाला खुपतोय.

गुरुवारी उघडलं.
मी दाराशी, हातात मोजायचं टिकटिक यंत्र.
बारापर्यंत दोनशे बारा माणसं गेली,
तिघं थांबली, आत कोणी नाही,
एक सीगल तेवढा उंबऱ्यावर येऊन
टाक्यांकडे फार वेळ बघत राहिला.

मग काठी.
डोरीनने सगळं दुकान पाहिलं, बनही पाहिला.
"म्हणजे पाव नाहीच."
आणि पाणवनस्पतीची एक जुडी उचलली.
घरी मासा नाही, टाकी नाही,
फुलदाणी आहे म्हणाली.
"आधी घर करते. राहणारा येईल."
एक पौंड वीस.

ट्रेव्हर हात हलवत म्हणाला, अगं, ने तशीच,
आणि मी, सरकारी बिल्ला गळ्यात असलेली मी,
भर दुकानात ओरडले:
पैसे घे!

दोघं माझ्याकडे बघत राहिली.
का, ते मला त्यांच्या भाषेत सांगता आलं नाही.
गल्ला नवा होता, खण अडकला.
त्याने मुठीने ठोकला.
नाणी वाजली.

सहा महिन्यांनी काय, ते मला विचारू नका.
माझ्याकडे अठ्ठावीस किल्ल्या आहेत,
आणि कोटाचा उजवा खिसा
अजून जुन्या वजनाने लोंबतो.